वहीत जपलेली उमेद



आषाढात पाऊस लांबला की सिहोऱ्याच्या शिवारात घरोघरी एकच प्रश्न असतो. पऱ्हे पिवळे पडायच्या आत रोवणी होईल का? बांधीत पाणी नाही, बोडी आटलेली, आणि घरातील बाईच्या मनात हिशेब चाललेला. सोसायटीचे कर्ज, मुलांची वह्या-पुस्तके, सासऱ्यांचे औषध, नागपूरला कामावर गेलेल्या घरधन्याचा न आलेला फोन. हा हिशेब ती कुठे मांडते? आम्ही अनेक घरांत पाहिले आहे की तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतो. तारखेच्या चौकोनात दुधाचे लिटर, सिलिंडर आणल्याचा दिवस, धाकट्याला ताप आल्याची खूण. कुणी त्याला रोजनिशी म्हणत नाही. परंतु ती रोजनिशीच आहे.

आजच्या पाठात आपण अशाच एका वहीचा विचार करणार आहोत. ती वही युद्धाच्या काळात एका तरुण स्त्रीने लिहिली. त्यानंतर आपल्याच महाराष्ट्रात, कोल्हापूरजवळ, युद्धाने देशोधडीला लावलेल्या हजारो माता-मुलांनी काढलेल्या पाच वर्षांकडे आपण पाहू. कठीण दिवसांत माणूस कशाच्या बळावर उभा राहतो, हा आपला प्रश्न आहे.

वही लिहिणारी कोण होती?

एट्टी हिलेसुम हिचा जन्म १५ जानेवारी १९१४ रोजी हॉलंडमधील मिडलबर्ग येथे एका यहुदी कुटुंबात झाला. वडील ग्रीक-लॅटिनचे शिक्षक आणि पुढे शाळेचे मुख्याध्यापक होते. आई रशियातील यहुदी-विरोधी दंगलींमुळे हॉलंडला आलेली होती. एट्टीने अ‍ॅमस्टरडॅममध्ये कायद्याचे शिक्षण घेतले. ती रशियन भाषेच्या शिकवण्या घेत असे.

१० मे १९४० रोजी जर्मन सैन्याने हॉलंडवर हल्ला केला. काही दिवसांतच देश त्यांच्या ताब्यात गेला. मार्च १९४१ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, एट्टीने रोजनिशी लिहायला घेतली. युलियस श्पीअर नावाच्या मानसोपचारकाने तिला तसे सुचविले होते. त्या वेळी ती काही कणखर बाई नव्हती. सतत डोकेदुखी, मनाची चलबिचल, घरच्यांशी ताण, प्रेमाच्या बाबतीत गोंधळ, हे सारे तिने स्वतःच वहीत न लपविता लिहून ठेवले आहे. आपण हे मुद्दाम सांगतो. धीराची माणसे जन्मतःच धीराची असतात असा आपला समज असतो. एट्टीची वही वाचली की कळते, धीर हा रोज थोडा थोडा कमवावा लागतो.

बाहेर सारे बंद होत असताना

वहीची पाने वाढत गेली तसतसे बाहेरचे जग आकसत गेले. १९४२ च्या वसंतात यहुदी लोकांना कपड्यांवर पिवळा तारा लावण्याची सक्ती झाली. मग एकामागून एक बंदीहुकूम आले. ट्रामने जायचे नाही, सायकल वापरायची नाही, ठराविक दुकानांतच आणि ठराविक वेळीच खरेदी करायची, मोकळ्या रानात फिरायचे नाही. यावर एट्टी लिहिते की आपल्याला चालायला एकच अरुंद रस्ता ठेवला तरी त्या रस्त्यावर सबंध आकाश असते, ते कुणाला काढून घेता येत नाही.

हे वाचून कुणाला वाटेल, ही स्वप्नात जगणारी मुलगी होती. तसे नव्हते. जुलै १९४२ च्या आरंभी तिने स्पष्ट शब्दांत नोंद केली आहे की आपल्या लोकांचा संपूर्ण नाश करण्याचा हा बेत आहे. तिने सत्य पाहिले, ते लिहिले, आणि तरीही जीवनात अर्थ आहे असे त्याच पानावर म्हटले. याच दिवसांत तिने घरामागच्या जुईसारख्या फुलझाडाबद्दलही लिहिले. पाऊस-वाऱ्याने त्याची फुले चिखलात पडली, परंतु आपल्या आत ते झाड फुलतेच आहे, असा त्याचा भाव आहे.

देवावर तिचा विश्वास हळूहळू जागा झाला. लहानपणी तिला गुडघे टेकून प्रार्थना करण्याची सवय नव्हती. पुढे ती न्हाणीघरातल्या काथ्याच्या चटईवर गुडघे टेकू लागली. याची तिला सुरुवातीला लाज वाटे, हेही तिने लिहिले आहे. १२ जुलै १९४२, रविवार, या दिवशीची तिची प्रार्थना तर विलक्षण आहे. सामान्यतः आपण देवाला म्हणतो, "मला वाचव." ती देवाला म्हणते की तू आमची परिस्थिती बदलू शकत नसलास तर त्याचा हिशेब मी तुझ्याकडे मागणार नाही, परंतु माझ्या आत तुझी जी जागा आहे ती मी शेवटपर्यंत राखीन.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. एट्टी ख्रिस्ती नव्हती. ती बायबल वाचत असे, संत ऑगस्टीनचे लेखनही वाचत असे. परंतु तिचा बाप्तिस्मा झाला नव्हता. ती यहुदी म्हणून जगली आणि यहुदी असल्यामुळेच मारली गेली. तिला आपल्यात ओढून घेण्याचा आपल्याला अधिकार नाही. तिच्याकडून नम्रपणे शिकण्याचा अधिकार मात्र आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीही १३ फेब्रुवारी २०१३ रोजी, राखेच्या बुधवारी, भाविकांशी बोलताना तिचे उदाहरण दिले होते.

छावणीत

जुलै १९४२ मध्ये एट्टीला यहुदी मंडळाच्या कचेरीत नोकरी मिळाली. हे मंडळ जर्मनांच्या हुकमाखाली चाले आणि त्या नोकरीमुळे काही काळ धरपकडीपासून बचाव होई. तिच्या मनाला ती नोकरी बोचत राहिली. थोड्याच दिवसांत तिने वेस्टरबोर्क छावणीत काम करण्याची स्वतःहून तयारी दाखवली. वेस्टरबोर्क हे शेवटचे ठिकाण नव्हते. तेथून आगगाड्या पूर्वेकडे, मुख्यतः आउश्वित्स आणि सोबिबोर येथील मृत्युछावण्यांकडे जात. एक लाखाहून अधिक यहुदी लोक त्या छावणीतून पाठवले गेले. त्यांतले सुमारे पाच हजारच परत आले.

आपल्या ख्रिस्तसभेचेही त्या जागेशी नाते आहे. २६ जुलै १९४२ रोजी हॉलंडच्या चर्चमधून महागुरूंचे पत्र वाचले गेले. त्यात यहुदी लोकांच्या छळाचा निषेध होता. सूड म्हणून २ ऑगस्टला यहुदी वंशातील कॅथलिकांना पकडण्यात आले. कार्मेलाईट भगिनी एडिथ स्टाइन आणि त्यांची बहीण रोझा या त्यांत होत्या. वेस्टरबोर्कमार्गे त्यांना आउश्वित्सला नेले आणि ९ ऑगस्ट रोजी त्यांचा अंत झाला. १९९८ साली एडिथ स्टाइन यांना संतपद देण्यात आले.

एट्टी छावणीत काय करीत असे? मोठे असे काहीच नाही. आजाऱ्यांजवळ बसणे, निरोप पोचवणे, आयांची पोरे सांभाळणे, कुणाची औषधे शहरातून आणणे. तिला काही काळ ये-जा करण्याची परवानगी होती. तिने तेथून लिहिलेल्या दोन लांब पत्रांत गाडी सुटण्याच्या आदल्या रात्रीचे वर्णन आहे. झोपेतून उठवलेली तान्ही मुले, स्ट्रेचरवरचे रुग्ण, भरलेले डबे. ही पत्रे १९४३ मध्येच हॉलंडमधील प्रतिकार करणाऱ्या लोकांनी गुपचूप छापली. म्हणजे तिचे लिहिणे केवळ स्वतःच्या समाधानासाठी राहिले नाही. ती साक्ष ठरली.

मित्रांनी तिला लपून राहण्याचा आग्रह केला. तिने ऐकले नाही. सर्वांच्या वाट्याला जे येईल तेच आपण घेऊ, असे तिचे म्हणणे होते. ७ सप्टेंबर १९४३ रोजी आईवडील आणि भाऊ मिशा यांच्यासह तिला गाडीत चढवले. गाडीतून तिने एक पोस्टकार्ड बाहेर टाकले. शेतकऱ्यांना ते सापडले आणि त्यांनी ते टपालात टाकले. आम्ही गात गात छावणी सोडली, अशा अर्थाचा मजकूर त्यात होता. ३० नोव्हेंबर १९४३ ही आउश्वित्समधील तिच्या मृत्यूची नोंदलेली तारीख आहे. वय एकोणतीस.

जाण्यापूर्वी तिने वह्या एका मैत्रिणीकडे सोपवल्या होत्या. त्या पुढे क्लास स्मेलिक या लेखकाकडे पोचल्या. कित्येक वर्षे प्रकाशक मिळाला नाही. १९८१ साली त्यांतील निवडक भाग छापला गेला आणि मग जगभर वाचला गेला. चाळीस वर्षे ती उमेद कपाटात पडून होती.

आपल्या महाराष्ट्रातील वळिवडे

"हे सारे दूरदेशीचे झाले," असे कुणी म्हणेल. म्हणून आता कोल्हापूरला जाऊ.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने आक्रमण केले. फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना मालगाडीच्या डब्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानला नेण्यात आले. एप्रिल १९४० मध्ये नेलेल्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. अटक झालेल्या अधिकाऱ्यांची ही कुटुंबे होती. त्याच दिवसांत त्यांचे पती आणि वडील कातिन व इतर ठिकाणी गोळ्या घालून मारले जात होते. सुमारे बावीस हजार माणसे अशी मारली गेली. बायकांना याचा पत्ता नव्हता. त्या पत्राची वाट पाहत राहिल्या.

१९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केला आणि पोलिश कैद्यांची सुटका झाली. भुकेने आणि तापाने खंगलेली ही माणसे दक्षिणेकडे निघाली. १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून ती इराणला पोचली. तेथून काहींना हिंदुस्थानात आसरा मिळाला. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे पोलिश अनाथ मुलांना ठेवून घेतले, ही गोष्ट आता बरीच प्रसिद्ध आहे. मुंबईतील पोलिश वाणिज्यदूतांच्या पत्नी किरा बनासिन्स्का यांनी रेड क्रॉसच्या वतीने या मदतकार्याचा मोठा भार उचलला.

कोल्हापूर संस्थानातील वळिवडे येथे १९४३ मध्ये मोठी छावणी उघडली. सुमारे पाच हजार पोलिश लोक तेथे राहिले. त्यांत बहुतेक माता आणि मुले होती. लांबच लांब बराकी, प्रत्येक कुटुंबाला लहान खोल्या, पुढे व्हरांडा. या बायांनी काय केले? त्यांनी रडत बसण्याऐवजी शाळा सुरू केल्या. आपल्या भाषेत, आपल्या इतिहासाचे धडे. चर्च उभे राहिले, पवित्र मिस्सा होऊ लागली, दवाखाना, बालवीर पथके, नाटके आणि गाणीही सुरू झाली. रशियात ज्या मुलांनी शाळा पाहिली नव्हती, ती वळिवड्यात शालान्त परीक्षेपर्यंत पोचली. स्थानिक मराठी लोकांशी बाजारहाट आणि ओळखीपाळखी झाल्या.

परंतु या गोष्टीचा शेवट गोड नाही. १९४५ मध्ये युद्ध संपले तेव्हा मोठ्या राष्ट्रांनी सीमा बदलल्या. या बहुतेकांची गावे सोव्हिएत हद्दीत गेली. ज्या घराची आठवण काढत पाच वर्षे काढली ते घरच परके झाले. १९४७-४८ मध्ये छावणी रिकामी झाली. कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी कॅनडाला गेले, काही पोलंडला परतले. त्याच बराकींत मग फाळणीत घरदार गमावलेले सिंधी निर्वासित आले. आजचे गांधीनगर ते हेच. एका विस्थापिताने सोडलेल्या खोलीत दुसऱ्या विस्थापिताने चूल मांडली.

वळिवड्यात वाढलेल्या मुलांनी म्हातारपणी एकत्र येऊन आपल्या आठवणी आणि कागदपत्रे गोळा केली व ग्रंथरूपाने छापली. कोल्हापूरला त्यांचे स्मारक आहे. वॉर्सा शहरातही वळिवडे-कोल्हापूर छावणीचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले.

आपण काय शिकतो?

१. *खरे बोलणे हा धीराचा आरंभ आहे.* एट्टीने भीती लपवली नाही. आपल्याकडे दुःख सांगितले की लोक म्हणतात, "एवढी मिस्सेला जाते, तरी रडते." हे बरोबर नाही. स्तोत्रसंहितेत कितीतरी स्तोत्रे तक्रारीची आहेत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, आणि तरीही ख्रिस्तसभेने ते प्रार्थनेतून वगळले नाही. देवापुढे तक्रार मांडणे म्हणजे अविश्वास नव्हे. ज्याच्यावर भरवसा असतो त्याच्याकडेच माणूस तक्रार करतो.

२. *लहान काम मनाला आधार देते.* एट्टीने पोरे सांभाळली, वळिवड्याच्या मातांनी शाळा चालवल्या. सगळे बदलणे त्यांच्या हाती नव्हते. आजचा एक तास हाती होता. रोवणीच्या वेळी बाई सबंध शेताकडे पाहत नाही, हातातल्या पेंढीकडे पाहते. एक एक चूड रोवीत बांधी भरते.

३. *द्वेष आणखी एक ओझे असते.* एकही भला जर्मन असेल तर सबंध लोकांचा द्वेष करता येणार नाही, असे एट्टीने लिहिले. अन्यायाला तिने अन्यायच म्हटले. परंतु शत्रूसारखे होणे तिने नाकारले. शेताच्या धुऱ्यावरून वर्षानुवर्षे अबोला धरणाऱ्या आपल्या घरांनी यावर विचार करावा.

४. *तगणे म्हणजे केवळ जिवंत राहणे नव्हे.* वळिवड्याच्या माता वाचल्या, एट्टी वाचली नाही. म्हणून ती हरली असे कोण म्हणेल? संत पौल करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात मातीच्या भांड्यांतील ठेव्याविषयी सांगतो. भांडे फुटू शकते. ठेवा तरीही खरा असतो.

एक इशारा

हा पाठ कुणी चुकीच्या जागी वापरू नये म्हणून आम्ही हे लिहितो. ज्या बाईला घरात मारहाण होते, जिची मजुरी बुडवली जाते, जिला औषधावाचून ठेवले जाते, तिला "एट्टीसारखी सोस" असे सांगणे हे पाप आहे. एट्टीपुढे सबंध सैन्याचे बळ होते, सुटकेची वाट जवळजवळ नव्हती. तरीही तिचा निर्णय तिच्या मित्रांना पटला नव्हता, आणि आजही अनेक वाचकांना पटत नाही. हॉलंडमध्ये ज्यांनी लोकांना लपवले त्यांचे धैर्यही तितकेच मोठे होते. जिथे वाट आहे तिथे वाट काढणे हाच धीर. पोलिश माता कझाकस्तानात बसून राहिल्या नाहीत. सुटका होताच मुलांना घेऊन त्या निघाल्या. सोसणे आणि तगणे यांत फरक आहे. सोसणारी गप्प बसते. तगणारी बोलते, मदत मागते आणि दुसरीला हात देते. आपल्या धर्मग्रामात अशी बाई बोलली तर तिचे ऐकून घेणे आणि तिच्यासोबत उभे राहणे हे आपले कर्तव्य आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातील आजी किंवा आई यांनी काढलेल्या कठीण काळाची एखादी हकिकत आपल्याला ठाऊक आहे का? ती कुठे लिहिलेली आहे का?

२. एट्टीच्या १२ जुलैच्या प्रार्थनेतील कोणता विचार आपल्याला पटतो? कोणता पटत नाही? का?

३. परगावाहून कामासाठी आलेल्या कुटुंबांना आपण वळिवड्याच्या शेजाऱ्यांसारखे वागवतो का?

४. आपल्या वाडीत कोण गप्प बसून सोसत आहे? तिच्याकडे या आठवड्यात कोण जाईल?

या आठवड्यासाठी

मुलांच्या जुन्या वहीत कोरी पाने उरलेली असतात. त्यांतली एक वही घ्या. रात्री भांडी झाल्यावर दहा मिनिटे बसा. आजचा दिवस कसा गेला ते दोन-चार ओळींत लिहा. शुद्धलेखनाची चिंता नको, ते कुणी तपासणार नाही. राग आला असेल तर तो लिहा, भीती असेल तर तीही लिहा. शेवटी एक गोष्ट अशी लिहा जिच्यासाठी देवाचे आभार मानावेसे वाटले. ज्या माता-भगिनींना लिहिता येत नाही त्यांनी नातवंडांना सांगून लिहवून घ्यावे. त्या निमित्ताने पोरांना घराचा इतिहास कळेल.

पुढच्या रविवारी मिस्सेनंतर ज्यांची इच्छा असेल त्यांनी आपल्या वहीतील एखादी नोंद वाचून दाखवावी. जबरदस्ती कुणावर नाही. काही पाने देव आणि आपण एवढ्यांनीच वाचायची असतात.

पाऊस येईल तेव्हा येईल. रोवणी होईल. तोवर वही उघडी असू द्या.